थप्पीतली फट

नागपूरच्या लकडगंजात नत्थूजी शेठच्या लाकडाच्या टालावर मारोतराव एकतीस वर्षं थप्प्या लावत होते. आरामशीनवर चिरून आलेल्या ओल्या फळ्या एकावर एक रचायच्या, ही झाली थप्पी. बघणाऱ्याला वाटतं, यात काय एवढं? फळीवर फळी ठेवायची आणि हात झटकायचे. पण दोन फळ्यांत बोटभर फट लागते, दोन थरांत आडव्या पट्ट्या लागतात, नाहीतर हवा खेळत नाही आणि साग आतून काळा पडतो. मारोतरावांची फट म्हणजे फट. इंच-पट्टी न लावता सारखी. नत्थूजी गिऱ्हाइकाला सांगत, "आमच्या मारोतरावच्या थप्पीतून उंदीर पण लाइनीनं जाते." ते ऐकून मारोतराव फक्त मिशी पुसत. स्तुती झाली की माणसं खाली बघतात, ते तेवढंही करत नसत. स्तुती खरी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

अठ्ठ्याऐंशी साली शेठनं कॉम्प्युटर घेतला. टालाला त्याची गरज होती असं म्हणणारा माणूस लकडगंजात सापडला नसता. शेजारच्या टालाच्या महादेवरावानं त्याच वर्षी रंगीत टीव्ही आणला होता, हे एक कारण. दुसरं कारण शोधण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. प्लायवूडची एक खोली उभी राहिली. भुसा आत जाऊ नये म्हणून दाराला रबराच्या पट्ट्या लागल्या. भिंतीत एसी बसला. शेठ स्वतः खसच्या कूलरसमोर आणि यंत्र एसीत, तेव्हा दोघांत मोठं कोण हे गड्यांना सांगावं लागलं नाही. खोलीबाहेर चपला काढायच्या, असा नियम झाला. तो शेठनं केला नव्हता, आपोआप झाला होता.

त्या यंत्रावर बसायला मारोतरावांचाच मुलगा मिळाला. गिरिधर बी.कॉम. झाला होता, सहा महिन्यांचा क्लास केला होता, तेवीस वर्षांचा होता. आठ महिने तो त्या खोलीत बसला. बाप रोज मापाची चिठ्ठी घेऊन जाई, चपला काढी आणि दारातूनच हात आत करी. "या ना बाबा आत, थंड आहे," असं पोरगं म्हणे. "माह्या आंगाले भुसा हाय," एवढंच उत्तर. गाभाऱ्यात पोरगा पुजारी असल्यावर बापानं उंबऱ्यापाशी थांबावं, तसला तो हिशेब. एकदाच त्यांनी विचारलं होतं, "दिवसभर काय करतं गा तू आत?" गिरिधर हसून म्हणाला, "तुमचंच काम करतो. कोणता माल कुठं ठेवला, तेवढंच." त्यावर आणखी काही विचारायला हवं होतं, हे मारोतरावांच्या फार उशिरा लक्षात आलं.

जानेवारीत गिरिधरला कावीळ झाली. अकराव्या दिवशी तो गेला.

भेटायला माणसं आली. मारोतराव भिंतीला टेकून बसले आणि, दुसरं काही सुचेना म्हणून, मनातल्या मनात माणसांची थप्पी लावत राहिले. खरंच रडायला आलेले इतके. नुसतं बसायला आलेले इतके. "उसाचा रस पाजला होता का?", "झाडपाल्याचं औषध दिलं नाही का?", "काहून नाही दिलं?" असं विचारून मरणाचा दोष कुणाच्या तरी ओटीत घालायला आलेले सगळ्यांत जास्त. त्यांची बायको सुभद्रा प्रत्येकाला उत्तर द्यायची. पंधराव्या दिवसापासून तिनं उत्तरं देणं बंद केलं, आणि त्याच दिवसापासून शिवणयंत्रही. यंत्रासमोर ती बसायची, पाय पायट्यावर असायचे, पण चाक फिरायचं नाही.

मारोतराव टालावर परत गेले. हातांना काम ठाऊक होतं. फळ्या बसत होत्या, फटी पडत होत्या.

मार्चमध्ये गिरिधरच्या जागी नीला नावाची मुलगी आली. वीस-एकवीसची, बोलकी, दोन वेण्यांची. ती कुणाच्या जागेवर आली हे तिला कळलं होतं. पण तो कुणाचा मुलगा, हे तिला कुणी सांगितलं नाही. टालावर अशा गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, म्हणून कुणी कुणाला सांगत नाही.

मे महिन्यात, नागपूरचं ऊन पत्र्यावरून आवाज करतंय असं वाटावं अशा एका दुपारी, मारोतराव चिठ्ठी घेऊन दारात उभे राहिले. एक ते दोन आरामशीन बंद असायची, म्हणून टालावर शांतता होती. नीला म्हणाली, "काका, आत या ना. तुमचं तोंड बघा कसं लाल झालंय." त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मारोतरावांनी उपरण्यानं अंग झटकलं, पाय पुसले आणि उंबरा ओलांडला.

यंत्राच्या काळ्या काचेवर हिरव्या अक्षरांची एक यादी होती. दहा ओळी. मारोतरावांना इंग्रजी येत नव्हतं, पण मोठी इंग्रजी अक्षरं येत होती. जंगलातून येणाऱ्या प्रत्येक ओंडक्यावर मालकाची छाप हातोड्यानं मारलेली असते, ती वाचून वाचून शिकलेली. त्यांनी वरची ओळ एकेक अक्षर करून वाचली. जी. आय. आर. पुढची अक्षरं वाचायची गरज पडली नाही.

"हे काय हाय?"

"हे होय?" नीला जरा ओशाळली. "शेठले सांगू नका हं काका. गेम आहे. वरून विटा पडतात, त्या खाली नीट बसवायच्या. ओळ पूर्ण भरली की ती ओळ पुसून जाते. ज्याचे जास्त नंबर, त्याचं नाव यादीत. हा गिरिधर म्हणजे माझ्या आधीचा ऑपरेटर. भारीच खेळत होता! माझ्याच्यानं त्याचा पहिला नंबर तुटूनच नाही राहिला."

"माहा पोट्टा व्हय तो."

नीलानं ओठ दाताखाली धरला.

"किती येळा हाय त्याचं नाव?" मारोतरावांनी विचारलं.

"चार."

"पहिल्यापासून चारच?"

नीला खोटं बोलू शकली असती. शहाणी मुलगी बोललीही असती. पण तिनं सांगितलं, "मी आली तेव्हा दहाच्या दहा त्याचेच होते, काका. यादीत दहाच नावं मावतात. नवीन नाव आलं की सगळ्यांत खालचं गळून जाते." मग तिला रडू आलं. "मला माहीत नव्हतं हो. मी रोज दुपारी खेळत होती."

मारोतरावांनी यादीकडे पाहिलं. पहिला गिरिधर, चौथा गिरिधर, नववा आणि दहावा गिरिधर. बाकी सगळीकडे नीला. दोन महिन्यांत सहा. त्यांना राग आला नाही. भेटायला आलेल्या माणसांपेक्षा ही पोरगी बरी, असंच वाटलं. हिनं निदान किती गेले ते मोजून सांगितलं.

"आता नाही खेळणार मी," नीला म्हणाली. "शपथ."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा आले. अंग झटकून, पाय धुऊन. "पोरी, मले शिकवतं का?"

"काय, गेम? कायले काका?"

"आठ महिने तो काय करे अठी बसून, मले पायचं हाय."

नीलानं खुर्ची दिली. चार बटणं दाखवली: डावीकडे, उजवीकडे, फिरवायचं, खाली टाकायचं. वरून चार चौकोनांचा एक तुकडा उतरू लागला. कधी उभी पट्टी, कधी चौक, कधी काटकोनात वाकलेला, कधी नागमोडी. मारोतरावांची बोटं फळीएवढी, बटणं चण्याएवढी. पण कोणता तुकडा कुठे जाईल हे त्यांच्या डोळ्याला लगेच दिसलं. एकतीस वर्षं दुसरं काय केलं होतं? तरी दोन मिनिटांत थप्पी वरपर्यंत भिडली आणि खेळ संपला. पुन्हा खेळले, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी नीलाला राहवलं नाही.

"काका, तुम्ही मधात फट काहून ठेवता?"

मारोतरावांनी काचेकडे पाहिलं. खरंच की. प्रत्येक दोन तुकड्यांत एक घर रिकामं. सारखं, मोजून सोडल्यासारखं.

"फट नाई ठेवली तं सडन ना."

"इथं काय सडते काका!" नीला खुदकन हसली, मग घाबरली, मग बघते तर मारोतरावांची मिशीही हलत होती. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

फट न ठेवायला शिकायला त्यांना पूर्ण महिना लागला. हात मनाचं ऐकत नव्हते. पण मग जमू लागलं आणि दुपारचा एक तास त्यांचा झाला. नीला डबा खायला मागच्या पडवीत जाई, ते एकटे बसत. टालावर बभ्रा झालाच. आरामशीनचा मिस्त्री चंपतराव विडी पेटवत ओरडे, "काय मारोतराव, स्वेटर आणून देऊ का? लई थंडी वाजून राहिली म्हणते तिकडं!" दुसरा कोणी म्हणे, "म्हातारपणी बीए करून राहिले ते." मारोतराव उत्तर देत नसत. हसणाऱ्याला हसू द्यावं, त्याचीही दुपार जायची असते.

त्यांना त्या खेळात काय सापडलं होतं, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. जानेवारीपासून जो भेटेल तो त्यांना विचारत होता: कसं झालं, काहून झालं, आता पुढं काय. यातल्या एकाचंही उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. हे यंत्र मात्र एकच गोष्ट विचारायचं: हा तुकडा कुठं ठेवू? आणि तेवढ्या एका प्रश्नाचं उत्तर त्यांना जन्मभर येत आलं होतं. ठेवला की दुसरा तुकडा. तो ठेवला की तिसरा. मागच्याबद्दल विचारपूस नाही, पुढच्याची काळजी नाही. खालची ओळ भरून आली की लुकलुक करून नाहीशी व्हायची आणि वरचं सगळं हलकेच एक घर खाली यायचं, बैलगाडीतून माल उतरल्यावर बैलांच्या माना वर येतात तसं काहीतरी छातीत व्हायचं. याच खुर्चीवर, याच बटणांवर त्याची बोटं होती. खालच्या बाणाचं बटण जास्त झिजलेलं होतं. पोराला घाई होती.

एकदा नीला मागे येऊन उभी राहिली. आकडा वाचून तिनं श्वास घेतला. "काका, थांबा. तुम्ही सहा हजारांच्या वर गेले. सहा हजार चारशे वीस झाले की यंत्र तुमचं नाव मागंल. अन् मग..."

"मंग काय?"

"दहावं नाव गळंल. गिरिधरचं."

मारोतरावांचे हात बटणांवरून उचलले गेले. वरून तुकडे येत राहिले, एकावर एक वेडेवाकडे पडत राहिले, आणि खेळ संपला. सहा हजार एकशे दहा. यंत्रानं नाव मागितलं नाही.

"तुम्ही घाबरू नका," नीलानं उपाय सांगितला. "चुकून पुढं गेलंच तर नाव टाकायच्या आधी हा लाल स्विच बंद करायचा. यादी जशीच्या तशी राहते. नाहीतर असं करा ना काका, तुम्ही त्याचंच नाव टाका. गिरिधर. आठच अक्षरं आहेत."

मारोतराव इतके गंभीर झाले की तिला आपलं काय चुकलं कळेना. "पोरी, दुसऱ्याची छाप आपल्या लाकडावर मारतेत, त्याइले आमच्या धंद्यात काय म्हणते माहीत हाय? चोर म्हणते. पोट्ट्याचं नाव हाय म्हणून काय झालं. ते लाकूड मी चिरलं, त्यानं नाई."

तेव्हापासून लकडगंजात एक अजब खेळाडू तयार झाला. मुलाकडून हार व्हावी अशी इच्छा बापानं धरावी, असं जुनं वचन आहे. कीर्तनकार ते सांगतात आणि समोरचे बाप माना डोलावतात. मारोतरावांनी ते रोज दुपारी अमलात आणलं. सहा हजारांपर्यंत जीव लावून खेळायचे. मग एक डोळा आकड्यावर ठेवून मुद्दाम फटी सोडायला लागायचे, जुन्या सवयीच्या, बोटभर, सारख्या. थप्पी वर चढायची, माथ्याला टेकायची. यादी उघडून ते चार नावं मोजायचे. पहिलं, चौथं, नववं, दहावं. मग चपला घालून उन्हात जायचे. जुलै गेला, ऑगस्ट गेला. चारची चार होती.

घरी त्यांनी यातलं काहीच सांगितलं नाही. बगडगंजातल्या त्यांच्या दोन खोल्यांत गिरिधरचं नाव निघालं की सुभद्रा उठून आत जायची, म्हणून ते नाव काढत नसत. निदान स्वतःला त्यांनी कारण तरी हेच दिलं होतं. माणूस स्वतःला जी कारणं देतो ती बहुतेक चांगल्या प्रतीची असतात. खरं कारण असं की तेवढा एक तास त्यांना वाटून घ्यायचा नव्हता.

मग नवरात्र आलं. अष्टमीला नीला रजेवर होती. मारोतराव दुपारी एकटे खोलीत गेले, यंत्रावरचं जांभळं कापडी कव्हर काढून घडी घातली आणि बसले. तुकडे त्या दिवशी सुरेख येत होते. हवा तो हवा तेव्हा. उभी पट्टी हवी म्हणावं आणि उभी पट्टी यावी. एका वेळी चार ओळी गेल्या. पुन्हा चार गेल्या. तुकडे भरभर पडू लागले तरी बोटं मागे राहिली नाहीत. मारोतराव पुढं वाकले, उपरणं खांद्यावरून घसरून पडलं, त्यांना कळलं नाही. चंपतरावानं बाहेरून काहीतरी हाक मारली, ती कळली नाही. आकडा काचेच्या कोपऱ्यात पळत होता. त्याच्याकडे ठेवायचा तो एक डोळा त्यांनी कधी उचलून घेतला, हेही कळलं नाही.

खेळ थांबला तेव्हा त्यांनी पाठ ताणली आणि बघितलं. सात हजार एकशे दहा. खाली यंत्र नाव मागत होतं. आठ रिकामी घरं आणि पहिल्या घरात लुकलुकणारी एक रेघ.

लाल स्विच टेबलाखाली, हाताच्या अंतरावर होता. मारोतरावांना तो आठवला. हे इथं स्पष्ट नोंदलं पाहिजे, कारण पुढं पुष्कळ दिवस त्यांनी स्वतःची समजूत घालून पाहिली की आठवला नव्हता. आठवला होता. हात टेबलाखाली गेलाही होता. पण सात हजार एकशे दहा! एकतीस वर्षांत फटी न सोडता लावलेली ही पहिली थप्पी. स्विच दाबला की ती झालीच नव्हती असं होणार होतं. त्यांनी हात वर घेतला आणि एकेक अक्षर शोधून दाबलं. एम. ए. आर. ओ. टी. आर. ए. ओ. बरोबर आठ घरं.

यादी आली. त्यांनी आधी स्वतःचं नाव शोधलं. नवव्या जागेवर सापडलं. ते त्यांना छान दिसलं. मग त्यांनी गिरिधर मोजले. पहिला, चौथा, दहावा. तीन.

बरोबर तेव्हा त्यांना उमगलं की गेला अर्धा तास त्यांना मुलगा नव्हताच. मेलेलाही नाही आणि जिवंतही नाही. आणि तो अर्धा तास जानेवारीपासूनचा सगळ्यांत सुखाचा गेला होता.

संध्याकाळी सुभद्रानं ताटात भाकरी वाढली. त्यांनी घास मोडला आणि ताट बाजूला सरकवलं. "सुभद्रे, माह्याकडून एक चूक झाली वं."

सगळं सांगितलं. यंत्र, विटा, दहा ओळी, चार ओळी, नीला, आजचा आकडा. सुभद्रा ऐकत होती. ती आत उठून गेली नाही, एवढंच त्यांना बरं वाटलं. तेही चुकीचं निघालं.

"दहा होते?" ती म्हणाली.

"पहिले दहा होते म्हणते ते पोरगी."

"अन् तुमी पायले तेव्हा चार."

"हो."

"मे महिन्यापासून तुमी रोज त्याचं नाव पायून राहिले जी?"

मारोतरावांनी मान हलवली.

"रोज?" तिचा आवाज चढला नाही. "मी अठी त्याच्या शर्टाले नाक लावून बसो, तो वास बी जाऊन राहिला आता. तुमच्याजवळ चार-चार होते. मले एक बी नाई दाखवला."

एक नाव गेलं याचा राग येईल असं मारोतरावांना वाटलं होतं. तिला त्या एकाचं काही नव्हतं. ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. टालावर आरामशीन बंद ठेवून तिची पूजा असते. कुऱ्हाडी, करवती, मोजपट्ट्या, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ. गड्यांच्या घरची माणसं येतात, शेठ पेढे वाटतो. सुभद्रा गेल्या दहा वर्षांत आली नव्हती. त्या दिवशी मारोतरावांच्या मागे मागे चालत आली. चंपतराव काहीतरी गमतीचं बोलणार होता, तिचं तोंड बघून त्यानं विडी पेटवली.

नत्थूजींनी सकाळपासून यंत्र चालू ठेवलं होतं, आलागेला पाहुणा खोलीत नेऊन दाखवायला. "लकडगंजातला पहिला! हात नका लावू, करंट मारते." काचेच्या डोक्यावर झेंडूची माळ आणि कुंकवाचं बोट. पाहुणे ओसरल्यावर नीला, मारोतरावांनी सांगून ठेवलं होतं तशी, दोघांना बोलवायला आली. सुभद्रानं दाराशी चपला काढल्या. मारोतरावांसारखी ती उंबऱ्यापाशी थांबली नाही. आत जाताच तिला खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवलेलं जांभळं कव्हर दिसलं. तिनं ते हातात घेतलं, शिवण उलटी करून बघितली.

"हे मी शिवलं व्हतं. म्हणे, आई, भुसा जाते आत, चांगलं जाड शिवून दे. मले वाटलं शेठच्या टीव्हीले."

नीलानं यादी काढून दिली आणि भिंतीला लागून उभी राहिली.

"कोन्ता?" सुभद्रानं विचारलं.

मारोतरावांनी तिचं बोट धरून पहिल्या ओळीवर नेलं. मग चौथ्या. मग दहाव्या. तिनं बोट काढलं आणि पूर्ण तळवा काचेवर टेकवला, पहिल्या ओळीवर. बारीक चटचट आवाज झाला. हात तिनं मागे घेतला नाही.

"गरम हाय जी."

"सकाळपासून चालू हाय ना, म्हणून."

"असाच गरम व्हता," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी असाच लागे कपाळाले."

नीला तोंडावर ओढणी धरून बाहेर गेली.

बऱ्याच वेळानं सुभद्रानं हात काढला. खुर्चीकडे मानेनं खूण केली. "खेळा. तो कसा खेळे, मले पायचं हाय."

मारोतराव बसले. ती मागे उभी राहिली, कव्हर पोटाशी धरून. वरून पहिला तुकडा उतरला. चौक कोपऱ्यात गेला, त्याच्याशेजारी काटकोन. एक ओळ भरून लुकलुकली आणि गेली. "पुसली?" "हो. भरली की पुसते." दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. ती आता खुर्चीच्या पाठीवर वाकली होती. तुकडा दिसला की हळूच म्हणायची, "तिकडं. त्या खड्ड्यात." आणि बहुतेक वेळा बरोबर असायचं, जन्मभर कापड बेतलेला डोळा तो. एकदा चार ओळी एकदम गेल्या तेव्हा तिनं "अगोबाई" म्हटलं, जानेवारीपूर्वीच्या आवाजात, आणि स्वतःच दचकली.

मारोतराव आकड्याकडे बघत होते. या वेळी दोन्ही डोळ्यांनी. दहाव्या गिरिधरचा आकडा सहा हजार नऊशे ऐंशी. यांचा सहा हजार आठशे झाला. त्यांनी नागमोडी तुकडा फिरवला आणि मधे एक घर सोडून ठेवला. पुढचाही तसाच ठेवला.

"फट काहून सोडली?" सुभद्रा म्हणाली. "बसत व्हता ना तो."

"राहू दे," मारोतराव म्हणाले. "हवा लागते."

टालावरल्या माणसाची बायको होती, तिला ते समजावून सांगावं लागलं नाही. तुकडे पडत राहिले, फटी तशाच राहिल्या, थप्पी चढत चढत माथ्याला टेकली. यंत्रानं नाव विचारलं नाही. यादी आली तशी सुभद्रानं बोट ठेवत ठेवत पुन्हा मोजलं. एक. दोन. तीन. मग नीलाला हाक मारली. तिनं यंत्र बंद केलं. काच निवेपर्यंत सुभद्रा थांबली आणि जांभळं कव्हर चारी कोपरे ओढून नीट घालून दिलं.